लकवा, फालिज, पक्षाघात : मध्य भारतातील मज्जाविकारांच्या गणनेचा इतिहास

भारतात मेंदूच्या व मज्जासंस्थेच्या विकारांचे प्रमाण वाढत आहे, असे विधान अलीकडे वर्तमानपत्रांतून आणि व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. त्याला आधारही आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १९९० ते २०१९ या तीस वर्षांचा राज्यवार हिशेब मांडला. आजार, अपंगत्व व अकाली मृत्यू यांमुळे देशातील लोकांच्या निरोगी आयुष्याची जी वर्षे वाया जातात, त्यांत पक्षाघात, अपस्मार, तीव्र डोकेदुखी अशा असंसर्गजन्य मज्जाविकारांचा वाटा १९९० मध्ये ४ टक्के होता; तो २०१९ मध्ये ८.२ टक्के झाला. याच काळात मेंदूज्वर, धनुर्वात अशा संसर्गजन्य मज्जाविकारांचा वाटा ४.१ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आला. म्हणजे १९९० साली दोन्ही पारडी जवळजवळ समान होती आणि एका पिढीच्या अवधीत एक खाली गेले, दुसरे वर आले.

परंतु १९९० च्या आधीचे काय? त्यापूर्वीच्या दीड-दोनशे वर्षांत आपल्या भागातील माणसे कोणत्या मज्जाविकारांनी आजारी पडत, किती पडत, आणि ते कोणी मोजून ठेवले? इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात माळवा-निमाडातून येणाऱ्या रुग्णांकडे पाहून आजचे काही अंदाज करता येतात. मात्र रुग्णालयाची वही ही रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचीच वही असते. प्रस्तुत निबंधात मध्य भारत, विदर्भ व मुंबई येथील काही नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या आहेत. त्या वाचताना प्रकर्षाने जाणवते ते हे की, मज्जाविकारांच्या आकड्यांतील चढउतार हा काही अंशी रोगांचा इतिहास आहे आणि काही अंशी मोजणाऱ्यांचा. हे दोन इतिहास वेगळे करून वाचले नाहीत, तर निष्कर्ष हमखास चुकतात.

एका शब्दाचा प्रवास

सुरुवात शब्दापासून करणे सोयीचे होईल. इंदुरात एखाद्याचे अर्धे अंग गेले तर त्याला ‘लकवा मारला’ असे म्हणतात. मराठी घरांतूनही ‘अर्धांगवायू’ आणि ‘पक्षाघात’ यांच्या जोडीला हाच शब्द रुळला आहे. हा शब्द मूळचा अरबी. युनानी वैद्यकात ‘लकवा’ म्हणजे केवळ चेहऱ्याचा पक्षाघात : तोंड वाकडे होणे, एक डोळा न मिटणे. अर्धे अंग लुळे पडण्याला ‘फालिज’ हा स्वतंत्र शब्द आहे, अपस्माराला ‘सरा’, कंपाला ‘राशा’ आणि माणूस एकाएकी निपचित पडण्याला ‘सक्ता’. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांच्या ‘अल्-कानून फित्-तिब’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात रोगांची मांडणी डोक्यापासून पायाकडे केलेली असल्याने हे विकार आरंभीच येतात, आणि ते एकमेकांत मिसळलेले नाहीत. आयुर्वेदातही अशीच विभागणी आहे. चेहऱ्यापुरता तो अर्दित, अर्ध्या अंगाचा तो पक्षाघात, झटक्यांचा तो अपस्मार आणि थरथरीचा तो कंपवात.

ग्रंथांनी जे वेगळे ठेवले ते बोलीने एकत्र केले. अरबीतला चेहऱ्याचा लकवा हिंदी-मराठीत येईपर्यंत हाताचा, पायाचा, अर्ध्या अंगाचा, सगळ्याचाच लकवा झाला. भाषेच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मात्र गणनेच्या दृष्टीने त्याचा परिणाम मोठा आहे. साठीतल्या माणसाची मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली, दोन वर्षांच्या मुलाला पोलिओ झाला किंवा विशीतल्या मजुराचे दोन्ही पाय आखडले, तरी गावकरी सांगणार ‘लकवा’ असेच. पुढे जी तीन पर्वे मांडली आहेत, ती या एकाच शब्दाच्या पोटातली आहेत.

जनगणनेचे चार रकाने

इंग्रजी अमलातील जनगणनांत लोकांच्या व्यंगांची नोंद करण्याची पद्धत होती. १९३१ पर्यंत ती चालली. व्यंगे चार : वेड, जन्मजात मुकेबहिरेपण, दोन्ही डोळ्यांचे अंधत्व आणि महारोग. होळकर संस्थान ज्यात मोडत होते त्या मध्य भारत एजन्सीची १९०१ ची जनगणना कॅप्टन सी. ई. लुअर्ड यांच्या देखरेखीखाली झाली, आणि तिथेही हेच चार रकाने होते. एका डोळ्याने आंधळा असेल त्याला नोंदू नये, पांढऱ्या कोडाला महारोग समजू नये, अशा बारीक सूचना गणकांना दिलेल्या असत. पण चालता न येणाऱ्या माणसासाठी रकानाच नव्हता. अपस्माराच्या रुग्णासाठीही नव्हता. फार तर त्याला वेड्यांत घातले जाई, नाहीतर तो धडधाकट म्हणून मोजला जाई.

ही उणीव कागदोपत्री क्षुल्लक वाटेल. ती किती खोल होती हे समजण्यासाठी रीवा संस्थानाकडे पाहावे लागते.

लाखेची डाळ

विदर्भात जिला लाख किंवा लाखोळी म्हणतात, छत्तीसगड व मध्य प्रदेशाच्या भागात तिवडा आणि उत्तरेकडे खेसारी, ते हे कडधान्य. धानाचे पीक उभे असतानाच त्यात ते फेकून पेरतात. धान निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ते वाढते. नांगर नको, खत नको, पाणी नको. अवर्षणात गहू-हरभरा जळून जातो तेव्हाही लाख उभी असते, आणि अतिवृष्टीलाही ती दाद देत नाही. हाच तिचा गुण आणि हाच धोका. दुष्काळात दुसरे काही उरत नाही, म्हणून ती आमटीपुरती न राहता पोटभरीचे अन्न होते. काही महिने ती मुख्य आहार म्हणून खाल्ली तर तिच्यातील विषारी घटक मज्जारज्जूतील तंतूंना इजा करतो. पाय आखडतात, गुडघे वाकतात, पावले कात्रीसारखी एकमेकांवर पडतात. बुद्धी शाबूत राहते, हात चालतात, माणूस पुढे अनेक वर्षे जगतो. पण पाय पूर्ववत होत नाहीत. वैद्यकात याला लॅथिरिझम म्हणतात.

हे ज्ञान नवे नाही. संस्कृत वैद्यकात ‘कलायखंज’ हे नाव आहे; कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचे धान्य आणि खंज म्हणजे लंगडा. अबुल फज्ल यांनी ‘आईन-ए-अकबरी’त बिहार सुभ्याचे वर्णन करताना गरीब लोक खातात त्या ‘किसारी’चा उल्लेख करून ती अपायकारक असल्याचे नमूद केले आहे. अकबराच्या दरबारातील इतिहासकाराला जे ठाऊक होते, ते शेतमजुराला ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. त्याला ते ठाऊकच होते. त्याच्यापुढे पर्याय नव्हता.

सागरचा पुरावा या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्या काळापासून मराठी घराणी जिथे नांदली, तो हा प्रदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले विल्यम स्लीमन पुढे तेथे अधिकारी होते. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी एका गावाची हकीकत दिली आहे. १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे गव्हाचे पीक बुडाले. गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारी तिवडा मात्र माजली. लोकांनी ती कापली आणि पुढे तिच्यावरच दिवस काढले. १८३३ मध्ये परिणाम दिसू लागले. तिशीच्या आतील माणसांचे कमरेखालचे अंग एकाएकी निकामी होऊ लागले, आणि १८३३-३४ या दोन वर्षांत गावातील जवळजवळ निम्म्या तरुण स्त्रीपुरुषांना ही बाधा झाली. स्लीमन वैद्य नव्हते. तरी पीक, आहार, काळाचे अंतर, वय आणि अवयव या पाचही गोष्टी त्यांनी टिपल्या. साथीच्या रोगाच्या अभ्यासात याहून अधिक काय टिपायचे असते?

पुढे १९२२ मध्ये एच. डब्ल्यू. ॲक्टन यांनी रीवा संस्थानातील पाहणी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये मांडली. रुग्णांचे त्यांनी चार वर्ग केले : काठी न लागणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि रांगणारा. ही वर्गवारी आजही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. वैद्यकातल्या इतक्या सोप्या आणि इतक्या विदारक वर्गवाऱ्या फार थोड्या असतील. आता वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रीवा हे मध्य भारत एजन्सीतीलच संस्थान. ॲक्टन यांच्या लेखाच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, तेथे जनगणना झाली होती. गणक घरोघर गेला होता, अंगणात रांगणारा माणूस त्याने पाहिला होता, आणि व्यंगाच्या रकान्यात काहीही न लिहिता तो पुढच्या घरी गेला होता. नियमाप्रमाणे त्याचे काम बरोबर होते.

१९४५ साली के. एल. शौरी यांनी मध्य भारतातील आणखी एका उद्रेकाची नोंद केली. स्वातंत्र्यानंतर रीवा-सतना भागात पाहण्या झाल्या तेव्हाही रुग्ण हजारोंच्या संख्येने आढळले. या पाहण्यांतून आणखी एक बाब पुढे आली. ज्यांचे पाय गेले ते बहुतांशी भूमिहीन शेतमजूर होते. वेठबिगारीच्या पद्धतीत मालक त्यांना रोख पैशांऐवजी धान्य देत, आणि त्या धान्यात खेसारी असे. मालकाच्या घरीही हीच डाळ शिजे, पण गहू-तांदळाच्या जोडीला थोडीशी. म्हणून तिथे कोणी लंगडा होत नसे. रोग एकाच शेतातून निघून उंबरठा पाहून घरात शिरत होता. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील वापनियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हेच कडधान्य खाऊ घातले गेले व शेकडो जण पंगू झाले. देश वेगळा, धर्म वेगळा, राज्य वेगळे. ताटात दुसरे काही मागण्याची सोय नसणे एवढेच समान होते.

शासनाने १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली खेसारीच्या विक्रीला बंदी केली. ती अमलात आणण्याची तारीख मात्र राज्यांवर सोपवली होती. ज्या राज्यांत हे पीक सर्वाधिक, त्या मध्य प्रदेश, बिहार व पश्चिम बंगाल यांनी ती तारीख ठरवलीच नाही. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी विषारी घटकाची रासायनिक ओळख पटवली. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले तर विष बरेच कमी होते, हेही सिद्ध झाले. विदर्भात लाखेवरील बंदी उठावी म्हणून नागपुरात डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ आंदोलन चालवले. जानेवारी २०१६ मध्ये रतन, प्रतीक व महातिवडा या कमी विषारी वाणांना तज्ज्ञांनी अनुकूलता दर्शवली, तेव्हा या वादाची पुन्हा चर्चा झाली.

आमच्या मते लॅथिरिझम हटला तो बंदीने नव्हे. ज्या राज्यात बंदी लागूच झाली नाही तिथेही तो ओसरला. सिंचन वाढले, गहू स्वस्त धान्य दुकानात मिळू लागला, मजुरी रोखीत मिळू लागली, वेठबिगारी पद्धत १९७६ च्या कायद्याने बेकायदा ठरली, आणि माळव्यात सोयाबीन आले. सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ मध्ये इंदुरातच स्थापन झाले, ही गोष्ट इंदूरकरांना ठाऊक आहे. तिचा संबंध कोणी पायांशी लावत नाही. तो थेट नाहीही, कारण तिवड्याचा मुख्य पट्टा धानाचा आणि सोयाबीनचा काळ्या कोरडवाहू जमिनीचा. तरी मजुराच्या हातात नाणे आले की त्याचे ताट बदलते, एवढे त्यावरून म्हणता येईल.

पोलिओ : शोधल्यावर सापडलेला

दुसरे पर्व पोलिओचे. उष्ण देशांत पोलिओचा संसर्ग तान्हेपणीच होतो, त्यामुळे पांगळेपणा क्वचितच येतो, असा समज वैद्यकशास्त्रात बराच काळ होता. १९७० च्या दशकात घानामध्ये शाळाशाळांतून लंगड्या मुलांची मोजणी झाली आणि हा समज ढासळला. तशाच पाहण्या भारतात झाल्यावर दरवर्षी दीड ते दोन लाख मुले पोलिओने अधू होत असल्याचा अंदाज पुढे आला. पोलिओ अचानक वाढलेला नव्हता. लंगड्या मुलाला कोणी मोजले नव्हते इतकेच.

१९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम देशभर सुरू झाली आणि १९९७ पासून अंग लुळे पडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद व विष्ठेची तपासणी करण्याची यंत्रणा उभी राहिली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये एकच. तो रुग्ण हावडा जिल्ह्यातील, १३ जानेवारीचा. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. या यशाच्या सावलीत एक विरोधाभास दडलेला आहे. पंधरा वर्षांखालील दर लाख मुलांमागे पोलिओखेरीज अन्य कारणाने लुळेपणा आलेले निदान एक मूल सापडावे, ही जागतिक यंत्रणेची किमान अपेक्षा; भारतात ही संख्या पुढे दहाच्याही वर गेली. पोलिओ शून्यावर येत असताना ‘लकवा’ झालेल्या मुलांची यादी लांबत होती. कित्येकांनी यावरून तर्क लढवले. परंतु जिथे प्रत्येक लंगडणाऱ्या मुलाची वर्दी देण्याचे काम हजारो माणसांना नेमून दिले आहे, तिथे वर्दी वाढणारच. गियाँ-बारे विकार, इतर विषाणू, काही किरकोळ दुखापती, असे सर्व काही त्या जाळ्यात येऊ लागले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारेचे रुग्ण एकाएकी वाढले व संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली; तेव्हा या विकाराचे नाव बहुतेकांनी प्रथमच ऐकले.

नागपूरच्या चंडीपुरा विषाणूची गोष्टही अशीच. १९६५ मध्ये ताप आलेल्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला, त्या वस्तीचे नाव त्याला मिळाले, आणि जवळजवळ चाळीस वर्षे तो निरुपद्रवी मानला गेला. २००३ मध्ये आंध्र व महाराष्ट्रात मुलांना मेंदूज्वर होऊन मृत्यू झाले, तेव्हा कुठे त्याच्याकडे लक्ष गेले.

वय वजा करून पाहिले तर

तिसरे पर्व आजचे, आणि त्यात वयाचा प्रश्न मुख्य आहे. १९८० च्या दशकात मुंबईतील पारशी वसाहतींत डॉ. एन. ई. भरूचा, डॉ. ई. पी. भरूचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. १४,०१० व्यक्ती तपासल्या गेल्या. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, ४६ रुग्ण निघाले. दर लाखास ३२८. काश्मीरमधील कुठार खोऱ्यात १९८६ साली ६३,६४५ लोकांची पाहणी झाली, तिथे हेच प्रमाण दर लाखास १४ होते. बंगळूर व आसपासच्या १,०२,५५७ लोकांच्या पाहणीत (२००४) ते ३३ निघाले.

हे आकडे शेजारी ठेवले की पारशी समाजात काही आनुवंशिक दोष असावा असे कोणालाही वाटेल. पण पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे आणि कंपवात हा मुख्यतः उतारवयाचा आजार आहे. वयोरचनेतील फरक जमेस धरून फेरमांडणी केल्यावर ३२८ चा आकडा १९२ वर आला. म्हणजे मोठा भाग वयाचा. उरलेल्या फरकात आणखी एक कारण असणे शक्य आहे : पारशी वसाहतीतील आजोबांचा हात थरथरला तर घरात डॉक्टर येतो. डोंगरातल्या खेड्यात थरथरणारा हात म्हातारपणाच्या खात्यावर जमा होतो.

जी गोष्ट एका छोट्या समाजाची १९८५ मध्ये, ती संपूर्ण देशाची आज होत आहे. आयुर्मान वाढले, बालमृत्यू घटले, साथी आटोक्यात आल्या. त्यामुळे पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश हे आजार होण्याच्या वयापर्यंत अधिक माणसे पोहोचू लागली. २०१९ च्या हिशेबात मज्जाविकारांच्या एकूण ओझ्यापैकी ३७.९ टक्के एकट्या पक्षाघाताचे होते, डोकेदुखीचे १७.५ आणि अपस्माराचे ११.३. वाढीचा सगळा दोष ‘आजकालच्या राहणीवर’ टाकण्याची सवय आहे. रक्तदाब, तंबाखू, मधुमेह यांचा वाटा निर्विवाद आहेच. परंतु मज्जाविकार हे शहरी सुखवस्तू लोकांचे आजार आहेत, हे मत पुराव्यावर टिकत नाही. बंगळूरच्या त्याच पाहणीत ग्रामीण भागात दर लाखास ४,०७० तर शहरात २,१९० असे मज्जाविकारांचे प्रमाण निघाले. खेड्यात जवळजवळ दुप्पट.

अपस्माराबाबत मोजणीला आणखी एक अडथळा आहे, तो लपवण्याचा. श्रीधरन व मूर्ती यांनी १९९९ मध्ये देशातील वीस पाहण्या एकत्र करून दर हजारी ५.३३ हे प्रमाण काढले. पाहणी करणारा दारात उभा राहून ‘घरात कोणाला फिट येते का?’ असे विचारतो, तेव्हा लग्नाची मुलगी असलेल्या घरातून खरे उत्तर मिळण्याची शक्यता किती? १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास बाध ठरवला होता. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात स्त्रीला घटस्फोट मागण्यासाठी जी कारणे दिली आहेत, त्यांत अपस्मार प्रथमपासूनच नाही. मात्र कायद्यात नसले म्हणून स्थळ पाहताना विचारले जात नाही असे नव्हे. त्या बाबतीत आपल्याकडे सर्व समाज सारखेच आहेत.

जनगणनेचे रकाने पुढे बदलले. १९३१ नंतर व्यंगांची नोंद थांबली, १९८१ मध्ये अपंगत्वाचा प्रश्न विचारला गेला, १९९१ मध्ये गाळला गेला आणि २००१ मध्ये परत आला. त्या वर्षी देशात हालचालीचे अपंगत्व असलेले ६१ लाख लोक नोंदले गेले. २०११ मध्ये ते ५४ लाख झाले. पोलिओ मोहिमेचे हे फळ आहे असे मानण्याचा मोह होतो, आणि काही अंशी ते असेलही. पण याच दशकात दृष्टिहीनांची संख्या १ कोटी ६ लाखांवरून ५० लाखांवर आली आणि श्रवणदोष असणारे साडेबारा लाखांवरून ५० लाखांवर गेले. दहा वर्षांत निम्म्या आंधळ्यांना दृष्टी आली आणि चौपट माणसे बहिरी झाली, असे झालेले नाही, व्याख्या बदलल्या. एका डोळ्याने आंधळा २००१ मध्ये अपंग होता, २०११ मध्ये नव्हता. (१९०१ मध्येही नव्हता.) शिवाय २०११ मध्ये ‘बहुविकलांग’ व ‘इतर’ असे दोन नवे रकाने आले, त्यांत अनुक्रमे २१ लाख आणि ४९ लाख लोक गेले. त्यांपैकी किती जण पूर्वी हालचालीच्या रकान्यात बसले असते, हे त्या तक्त्यावरून कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातवरून एकवीस केले आणि त्यांत प्रथमच कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारखे दीर्घकालीन मज्जाविकार नावानिशी आले. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तिच्यातील आकडे २०११ शी ताडून पाहताना ही रकान्यांची गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

आता दोन पाहण्यांचा उल्लेख करून हा निबंध थांबवतो. मुंबईच्या एच वॉर्डात २००५ व २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी १,५६,८६१ लोकवस्तीत पक्षाघाताचे नवे रुग्ण नोंदवले. ते ४५६ निघाले, म्हणजे वर्षाला दर लाखास १४५. शहर, दवाखाने, तपासण्या सर्व हाताशी असताना केलेले हे काम. दुसरी पाहणी गडचिरोलीची, लाखोळीच्या पट्ट्यातली. डॉ. योगेश काळकोंडे, डॉ. अभय बंग व ‘सर्च’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील ९४,१५४ लोकांमध्ये झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन, नातेवाइकांशी बोलून चौकशी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाल्याचे आढळले. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा अधिक. हिवताप आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात असेल, अशी अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती. त्या २२९ जणांपैकी सुमारे ८७ टक्के घरीच वारले. कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत त्यांचे नाव आलेले नव्हते.